बाईंची अर्धी वाक्यं

बाईंना वाक्य पूर्ण करता येत नसे. म्हणजे येत असे, पण त्या करत नसत. चार इयत्ता एकाच खोलीत शिकवायच्या, म्हणजे एका कोपऱ्यात पाढे, दुसऱ्यात कविता, तिसऱ्यात नकाशा आणि चौथ्यात मारामारी असा सगळा संसार. त्या संसाराचं लक्ष एका जागी ठेवायला बाईंनी नोकरीच्या सुरुवातीलाच एक युक्ती काढली होती. वाक्याचा शेवटचा शब्द त्या गिळून टाकत आणि भुवया उंचावून वर्गाकडे बघत उभ्या राहत. "पाण्याची वाफ होते, वाफेचे ढग होतात, आणि ढगांतून पुन्हा पडतो…" की सगळा वर्ग एका दमात ओरडे, "पाऊस!" मारामारीवालेसुद्धा ओरडत, एकमेकांचे केस हातात धरून. उत्तर आलं नाही तर बाई थांबत. कितीही वेळ थांबत. पण शेवटचा शब्द स्वतः कधी सांगत नसत. "तो मुलांचा," असं त्या म्हणत.

युक्ती वर्गात शोभून दिसे, पण शाळेचं कुलूप लावलं म्हणून सवयीला काही कुलूप लागत नाही. ती बाईंच्या मागोमाग बाजारात जाई, दवाखान्यात जाई, स्वयंपाकघरात तर मुक्कामालाच असे. "डॉक्टर, परवापासून माझा गुडघा…" असं म्हणून बाई गप्प बसत, आणि डॉक्टर बिचारा भीतभीत विचारी, "दुखतोय?" त्यावर बाई मान डोलवून "शाबास" म्हणत. गावातला हा एकमेव डॉक्टर, ज्याला रोगी शाबासकी देत.

बाईंचा नवरा सुतार होता. शाळेचे बाक दुरुस्त करायला म्हणून तो पहिल्यांदा आला, तेव्हा नव्या बाईंनी त्याला विचारलं होतं, "तुमचं लग्न…" आणि तो रंधा हातात धरून म्हणाला होता, "झालं नाही." तेव्हापासून बाईंची वाक्यं पूर्ण करायचं काम त्याच्याकडे लागलं ते कायमचं. "कणीक मळून ठेवलीय, पण मीठ…" की आतून सुतारबाबा म्हणत, "घालतो." लोकांच्या घरी नवराबायको एकमेकांचं बोलणं तोडतात म्हणून भांडणं होतात. इथे तोडलं नाही तर बोलणं पुढेच सरकत नसे.

या घरात वाढलेली एकुलती एक मुलगी चिंगी. लहानपणापासून तिनं दिवसाला किती वाक्यं पूर्ण केली असतील त्याला गणती नाही. आणि मोठी होऊन तिनं नोकरी धरली ती अशी, की जिथे तोंडातून एक अक्षर काढायची सोय नाही. चिंगी विधानसभेत लघुलेखिका झाली. सभागृहात किंवा समितीच्या खोलीत मधोमध एक छोटं टेबल असतं, तिथे बसायचं, आणि जो जे बोलेल ते सांकेतिक खुणांमध्ये कागदावर उतरवून घ्यायचं. दर थोड्या वेळानं पाळी बदलते, दुसरा लघुलेखक येऊन हळूच खांद्याला हात लावतो, मग पहिल्यानं बाहेर जाऊन आपल्या खुणांचं टंकलेखन करायचं. या कामाचे मुख्य होते अण्णा. केस पांढरे, कान तिखट. नव्या माणसाला पहिल्या दिवशी ते एकच गोष्ट सांगत. "आपल्याला दोन कान आहेत, एक हात आहे. तोंड आपण घरी ठेवून आलोय. तिथे कोणी पडलं, रडलं, छत कोसळलं, तरी आपण बोलायचं नाही. कोणी ओरडलं तर ओरडण्यात शब्द काय होते तेवढे लिहायचे." चिंगीला हे काम फार आवडे. घरी बोलून बोलून तिचं तोंड दुखून गेलं होतं, असं ती गमतीनं म्हणे.

त्या वर्षीच्या अधिवेशनात सरकारनं जे अंदाजपत्रक मांडलं, त्यात लहान शाळांचं अनुदान रद्द करायचं ठरलं होतं. मुलं थोडी असलेल्या शाळा सुट्टीनंतर उघडायच्याच नाहीत, मुलांना बसमध्ये घालून नदीपलीकडच्या मोठ्या शाळेत न्यायचं, असा बेत. यादीत बाईंची शाळा होतीच. टेकाडावरची एक खोली आणि एक पडवी, मुलांपेक्षा चिमण्या जास्त. अंदाजपत्रकाच्या समितीपुढे नागरिकांना येऊन म्हणणं मांडता येतं, प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात. बाईंनी कुणाला न विचारता नाव नोंदवलं, आणि मग मुलीला फोन केला.

"चिंगे, परवा आम्ही दोघं तुझ्याकडे…"

"येताय," चिंगी सवयीनं म्हणाली. आणि मग येण्याचं कारण ऐकून ती खुर्चीवरून उठलीच.

कारण समितीचे अध्यक्ष कोण, हे बाईंना ठाऊक नव्हतं, चिंगीला ठाऊक होतं. सगळी इमारत त्यांना पाठीमागे कात्रीसाहेब म्हणे. खर्चाची कुठलीही बाब दिसली की त्यांची बोटं आपोआप कात्रीसारखी हलू लागतात, असं शिपाई शपथेवर सांगत. माणूस सरळ होता, लबाडी नव्हती, पण त्यांना घोळ घालून बोललेलं सहन होत नसे. मागच्याच आठवड्यात एका प्राध्यापकांनी प्रस्तावना लांबवली, तर "आपण प्रस्तावनाच आणलीत, पुस्तक घरी राहिलं वाटतं" असं म्हणून त्यांना खाली बसवलं होतं. सगळी समिती हसली होती. चिंगीनं कंसात 'हशा' असं लिहिलं होतं. आता त्या जागी आई उभी राहणार, अर्धं वाक्य बोलून भुवया उंचावणार, आणि चिंगीला पुन्हा कंसात तोच शब्द लिहावा लागणार. हे तिच्या डोळ्यांपुढून हलेना. आपल्याला आईची लाज वाटतेय हे तिला कळत होतं, आणि त्याचीही लाज वाटत होती. पण आईची शाळा गेली तर आईचं काय उरणार, ही धास्ती त्या दोन्हींपेक्षा मोठी होती.

आईबाबा आले त्या संध्याकाळी तिनं स्वयंपाकघरातच तालीम सुरू केली. भाषण तिनं स्वतः लिहून काढलं होतं. नीटनेटकं, टोकदार, एकेक वाक्य पूर्णविरामापर्यंत पोचलेलं.

"हं, वाच," ती म्हणाली.

बाईंनी चष्मा लावला. "सन्माननीय समितीपुढे मी असं निवेदन करते, की ग्रामीण भागातील प्राथमिक शिक्षणाच्या सार्वत्रिकीकरणासाठी लहान शाळांचं अस्तित्व अत्यंत…"

आणि थांबल्या.

"आवश्यक आहे!" कांदा चिरता चिरता बाबा म्हणाले.

"बाबा, तुम्ही गप्प बसा! आई, थांबायचं नाही. शेवटचा शब्द तूच म्हणायचा."

"अगं, म्हणते ना. विसरले. पुन्हा…"

"वाचते," बाबा म्हणाले.

"बाबा!"

असं बराच वेळ चाललं. बाई खरंच मनापासून प्रयत्न करत होत्या. प्रत्येक वाक्याच्या शेवटी त्या अडायच्या, आणि मग पायरी चुकल्यासारख्या शेवटच्या शब्दावर धपकन उतरायच्या. जेवायची वेळ झाली तेव्हा सगळी वाक्यं पूर्ण झाली होती, आणि बाईंचा आवाज बसथांब्यावरच्या सूचनेसारखा झाला होता. चिंगीनं सुटकेचा श्वास सोडला. भाजी मात्र त्या दिवशी अळणी झाली, कारण मिठाबद्दलचं अर्धं वाक्य कोणी बोललंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चिंगीनं सकाळीच अण्णांना गाठलं. "अण्णा, आज आमच्या आईचं निवेदन आहे. तेवढी माझी पाळी बदलून द्या. मला नाही बघवणार."

अण्णांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "आई भांडखोर आहे?"

"नाही हो. शिक्षिका आहे."

"म्हणजे तेच," अण्णा म्हणाले, आणि पाळी बदलून दिली. आईच्या आधीच चिंगीनं उठून बाहेर जायचं असं ठरलं.

पण समितीच्या कामाला वेळापत्रकाची चाड कधी असते? आईच्या आधी बोलणारे दोघं जण आलेच नाहीत. चिंगी टेबलाशी येऊन बसते न बसते, पेन्सिलीचं टोक बघते न बघते, तोच सचिवांनी बाईंना पुकारलं. चिंगीनं दाराकडे पाहिलं. तिच्या जागी यायचा माणूस अजून चहाच पीत असणार. उठून जायची सोय नव्हती.

खोली लांबट होती. नालाच्या आकाराचं टेबल, त्याभोवती सदस्य, प्रत्येकापुढे ध्वनिक्षेपक आणि पाण्याचा पेला. उघड्या बाजूला बोलणाऱ्यासाठी उभं राहायची जागा, तिथे तीन रंगांचे छोटे दिवे. हिरवा म्हणजे बोला, पिवळा म्हणजे आवरा, लाल म्हणजे पुरे. मागे लोकांच्या खुर्च्या होत्या, आणि तिथे बाबा बसले होते. ते खाली वाकून पुढच्या खुर्चीचे सांधे तपासत होते, हे चिंगीला एवढ्या लांबूनही दिसलं. सरकारी कामाचे सांधे त्यांना पसंत पडले नसावेत, कारण ते मान हलवत होते.

बाई उभ्या राहिल्या. त्यांनी टेबलाशी बसलेल्या मुलीकडे पाहिलं आणि चमकल्या, पण लगेच कागदाकडे वळल्या. हिरवा दिवा लागला.

"सन्माननीय समितीपुढे मी असं निवेदन करते," बाईंनी सुरू केलं. वाक्य आलं, शेवटपर्यंत गेलं, संपलं. दुसरं आलं, तेही संपलं. एक चूक नाही. चिंगीची पेन्सिल चालत होती आणि तिच्याच लक्षात येत होतं, की आपण हे काय करून ठेवलं? आपल्या आईच्या तोंडी आपण सरकारी परिपत्रक घातलं. सदस्यांपैकी एक जण फोनमध्ये डोकावत होते. एक सदस्य बाई आपल्या पेल्यातल्या पाण्याकडे बघत होत्या. कात्रीसाहेबांनी घड्याळाकडे नजर टाकली. आणि टेबलाच्या पार टोकाला बसलेले एक जाडजूड सदस्य हनुवटी छातीवर टेकवून चक्क पेंगत होते.

बाईंनी मान वर केली, आणि त्यांना तो पेंगणारा दिसला.

इतकी वर्षं शिकवलेल्या बाईपुढे, शेवटच्या बाकावर, दिवसाउजेडी एक जण पेंगतो! त्यांनी कागद खाली ठेवला. ठेवताना त्यांना कळलंही नसेल.

"आमच्या शाळेच्या छताला दोन पत्रे आहेत," बाई म्हणाल्या. आवाज एकदम बदलला होता, टेकाडाच्या पायथ्यापर्यंत पोचणारा झाला होता. "एक चांगला आहे. आणि दुसरा…"

आणि भुवया उंचावून उभ्या राहिल्या.

खोलीत सगळे एकमेकांकडे बघू लागले. चिंगीनं डोळे मिटून घेतले.

"गळका!" मागून बाबांचा खणखणीत आवाज आला.

लोक हसले. शिपाई बाबांकडे धावला. "प्रेक्षकांनी मध्ये बोलू नये," कात्रीसाहेब म्हणाले.

"उत्तर बरोबर आहे," बाई मागे वळून बाबांना म्हणाल्या, "पण हात वर करून सांगायचं, अहो." मग पुन्हा समितीकडे वळल्या. पेंगणारे सदस्य एव्हाना दचकून जागे झाले होते. "तर पहिलीतलं मूल म्हणजे केवढं? एवढंसं. बस निघणार उजाडायच्या आत. म्हणजे ते मूल तिकडच्या वर्गात जाऊन बसेल, तेव्हा त्याला येत असेल…"

"झोप," पेल्याकडे बघणाऱ्या बाई पुटपुटल्या, आणि आपला हात अर्धा वर गेलाय हे बघून त्यांनी तो केसांवरून फिरवला.

"शाबास. आणि संध्याकाळी बस मागे येईल, तेव्हा रस्त्यावर पडलेला असेल…"

"अंधार," दोघंतिघं म्हणाले. फोन पालथा पडला.

"आणि अंधारात थोरल्या मुलींना घरचे लोक बसनं पाठवतील का? एक दिवस पाठवतील, दोन दिवस पाठवतील, तिसऱ्या दिवशी पाठवणार…"

"नाहीत!" सगळं टेबल एका सुरात म्हणालं. टोकाचे जाडजूड सदस्य सगळ्यांत मोठ्यानं म्हणाले, आणि मग आपणच बावरून इकडेतिकडे बघू लागले. आयुष्यात ही सगळी मंडळी कधीतरी अशाच कुठल्यातरी खोलीत बसलेली असणार. तो सूर काही कोणी अंदाजपत्रकात शिकत नाही.

चिंगीनं लिहिलं, 'सदस्य, एकत्र : नाहीत.' लिहिताना तिनं कात्रीसाहेबांकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले होते. पण आवाज आला नव्हता, आणि ओठांची नोंद घेत नाहीत.

पिवळा दिवा लागला. कात्रीसाहेब पुढे झुकले. "बाई, एक विचारतो. पलीकडची शाळा मोठी आहे. प्रयोगशाळा आहे, वाचनालय आहे, प्रत्येक वर्गाला वेगळा शिक्षक आहे. तुमच्याकडे एक खोली, तीही गळकी. तिकडे गेल्यानं मुलांचं नुकसान काय?"

प्रश्न रास्त होता.

"साहेब, शाळा छानच आहे ती," बाई म्हणाल्या. "मी स्वतः बघून आलेय. आमची मुलं चौथी झाली की तिथेच जातात, आणि चांगली चालतात. पण तिथवर जायचं तर आधी पायांत बळ यायला हवं. डब्याचं झाकण स्वतःचं स्वतः उघडता यायला हवं. पडलं तर उठून, नाक पुसून, पुढे जाता यायला हवं. तेवढं होईपर्यंत शाळा घराजवळ असू द्या. माझं एवढंच मागणं आहे."

हे वाक्य त्यांनी पूर्ण केलं होतं. चिंगीच्या ते नंतर लक्षात आलं.

लाल दिवा लागला.

"आता शेवटचं," बाई म्हणाल्या. "सुट्टी संपली की मुलं दप्तरं घेऊन टेकाड चढून येतील. ती तर येणारच. त्यांना काय ठाऊक तुमची समिती! येतील, पडवीत रांगेनं उभी राहतील, आणि शाळेचं दार…"

थांबल्या.

कोणीच बोललं नाही. मागे बाबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. बायकोचं एकही वाक्य त्यांनी आजवर लोंबकळत सोडलं नव्हतं, पण हे त्यांच्या हातातलं नव्हतं. चिंगीचा शब्द तर अगदी ओठांवर आला होता. लहानपणापासूनचं तिचं कामच ते. आई थांबलीय आणि कोणी उत्तर देत नाही, हे तिला बघवेना. तिनं पेन्सिल दातांत धरली आणि घट्ट चावली.

"बाई, वाक्य पूर्ण करा," कात्रीसाहेब म्हणाले. "वेळ संपलाय."

"ते मला नाही करता येत, साहेब," बाई म्हणाल्या. आणि मग मागे पडलेल्या मुलाशी बोलतात त्या मऊ आवाजात म्हणाल्या, "घाई नाही. नीट विचार करून सांगा."

त्यांनी आपला कागद उचलला, समितीला नमस्कार केला आणि जाऊन बाबांच्या शेजारी बसल्या. कोणी हसलं नाही. चिंगीनं लिहिलं, 'आणि शाळेचं दार' आणि पुढे एक आडवी रेघ ओढली. त्याच वेळी तिच्या खांद्यावर हात पडला. पाळीचा माणूस आला होता, मिशीला चहा लागलेला.

बाहेर मार्गिकेत आई भिंतीला टेकून उभी होती. वर्गाबाहेर उभं केलेल्या मुलीसारखी.

"चिंगे, तू एवढं लिहून दिलंस, आणि मी सगळं सोडून… माझी मेली सवय…"

"जात नाही," चिंगी म्हणाली आणि तिनं आईला मिठी मारली. मार्गिकेतून सचिव चालले होते, शिपाई चालले होते, तिला कशाची पर्वा नव्हती. "आई, मी लिहून दिलं होतं ते नुसतं रद्दीत घालायच्या लायकीचं होतं. मला वाटलं होतं तुला हसतील. मला तुझी लाज वाटत होती गं."

"ते मला ठाऊक होतं," आई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "म्हणून तर मी शेवटपर्यंत बोलायचा प्रयत्न…"

"केलास," चिंगी रडतारडता म्हणाली.

बाबा शेजारी उभे होते. "खुर्च्या अगदीच कच्च्या आहेत यांच्या," ते म्हणाले, आणि त्यांनी खिशातून रुमाल काढून आधी स्वतःचे डोळे पुसले, मग तो चिंगीला दिला.

आईबाबा गावी परत गेले. पुढच्या आठवड्यात समिती शेवटच्या छाटणीला बसली. बाब वाचायची, मत घ्यायचं, पुढे जायचं, असं काम. कात्रीसाहेब रंगात होते. पाहुणचाराचा खर्च गेला, नव्या मोटारी गेल्या, कुठल्याशा कारंज्याचं बांधकाम गेलं. टेबलाशी चिंगी होती. या वेळी तिनं पाळी बदलून मागितली नव्हती. उलट अण्णांकडे हट्टानं तीच मागून घेतली होती.

"लहान शाळांचं अनुदान," सचिवांनी वाचलं. "सरकारचा प्रस्ताव : रद्द."

कात्रीसाहेबांनी कागद उलटला. पुन्हा सुलटा केला. चष्मा काढला, पुसला, घातला. सदस्य वाट बघत होते. कात्रीसाहेबांची नजर समोरच्या मोकळ्या जागेवर गेली, जिथे तीन दिवे विझलेले होते आणि कोणीच उभं नव्हतं. चिंगीनं पेन्सिलीचं टोक कागदाला टेकवून ठेवलं होतं.

"उघडेल," कात्रीसाहेब म्हणाले.

एवढंच. सदस्य एकमेकांकडे बघू लागले. सचिवांना वाटलं, साहेब खिडकीबद्दल बोलताहेत, म्हणून ते अर्धे उठले. मग टोकाच्या जाडजूड सदस्यांनी टेबलावर थाप मारली, आणि त्या पेल्याकडे बघणाऱ्या बाई हळूच, पण चिंगीला नीट ऐकू येईल अशा आवाजात म्हणाल्या, "शाबास."

"सचिव, बसा," कात्रीसाहेब नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाले. "अनुदान कायम ठेवावं अशी समितीची शिफारस. हरकत? नाही. पुढची बाब."

समितीनं ठेवलेल्या गोष्टीला सभागृह सहसा हात लावत नसे. याही वेळी लावला नाही. अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी अंदाजपत्रक मंजूर झालं, त्यात लहान शाळा होत्या.

पण त्याआधी, समितीच्या त्या दिवशीच, चिंगीनं टंकलेखन करून कागद तपासायला अण्णांपुढे ठेवले. अण्णांची पेन्सिल एका ओळीवर अडली.

"हे काय? 'अध्यक्ष : उघडेल.' काय उघडेल? हे अर्धंच वाक्य आहे. आधीचा भाग कुठाय?"

"आधीचा भाग मागच्या आठवड्याच्या कामकाजात आहे, अण्णा. आमच्या आईच्या तोंडी."

अण्णांनी मागच्या आठवड्याचे कागद मागवले. शोधलं. वाचलं. ती आडवी रेघ त्यांनी जरा वेळ न्याहाळली. संदर्भ नसलेला शब्द गाळायचा अधिकार त्यांना होता, आणि ते तो अधिकार एरवी कुणाची भीड न ठेवता वापरत.

"वाक्य बरोबर आहे," शेवटी अण्णा म्हणाले. "राहू दे." आणि समासात बरोबरची खूण करून पुढच्या पानाकडे वळले.

मंजुरी झाली त्या दुपारी चिंगीनं सभागृहाबाहेरच्या मार्गिकेतून शाळेत फोन लावला. फोन वाजला, पलीकडे पाढ्यांचा गजर ऐकू आला, आणि मग आई.

"आई, वर्ग चालू आहे?"

"चालू आहे. ते राहू दे, आधी सांग, आपल्या शाळेचं…"

चिंगीच्या तोंडात उत्तर तयार होतं. आजवर प्रत्येक वेळी तिनं ते दिलं होतं. या वेळी मात्र तिनं ते जिभेवरच ठेवलं.

"सांगते," ती म्हणाली. "सुट्टी संपली की मुलं टेकाड चढून येतील, पडवीत रांगेनं उभी राहतील, आणि शाळेचं दार…"

आणि ती थांबली. आईकडूनच शिकली होती, तशी थांबली.

पलीकडे पाढे चालूच होते. मग एक खोल श्वास ऐकू आला. आईला उत्तर समजलं होतं, ते तिच्या श्वासातच कळत होतं. पण शेवटचा शब्द म्हणायची तिच्या तोंडाला सवयच नव्हती.

"थांब हं," बाई म्हणाल्या. पावलं ऐकू आली. फोन कुठेतरी उंच धरल्यासारखा आवाज मोकळा झाला. पाढे थांबले. "मुलांनो, इकडे लक्ष द्या. सुट्टी संपली की आपण सगळे परत येणार. आणि आपल्या शाळेचं दार…"

मुलांना अंदाजपत्रक ठाऊक नव्हतं, समिती ठाऊक नव्हती. इतका सोपा प्रश्न बाईंनी आजवर विचारला नव्हता. सगळा वर्ग, मारामारीवाल्यांसकट, एका दमात ओरडला, "उघडेल!"

आणि विधानसभेच्या मार्गिकेत, जिथे लघुलेखकानं तोंड उघडायचं नसतं, तिथे चिंगी त्यांच्याबरोबर तितक्याच मोठ्यानं ओरडली. दारावरचा शिपाई दचकून वळला. आतून अण्णा बाहेर आले, तिच्याकडे बघून परत आत गेले आणि जाताना त्यांनी दार ओढून घेतलं.

"शाबास," फोनमधून बाई म्हणाल्या. "आणि मागच्या बाकावरून उशिरा आवाज आला तो…"

"माझा," चिंगी म्हणाली.